भांडे चुलीवर असतानाच कल्हई

पूर्वी आपल्या दारावर कल्हईवाला यायचा. भट्टीवर तापलेल्या पितळी पातेल्यात तो नवसागराची पूड टाकी, पांढरा धूर उठे, मग कथील फिरवून कापसाच्या बोळ्याने पुसले की भांडे चांदीसारखे लखलखे. हा खटाटोप शोभेसाठी नव्हता. कल्हई उडालेल्या भांड्यात आमटी किंवा ताक ठेवले की ते कळकते. भांड्याचा धातू आतल्या पदार्थात उतरू नये, म्हणून कल्हई.

आज ज्या भांड्याची गोष्ट सांगायची आहे, ते सूर्यासारखी ऊर्जा पृथ्वीवर निर्माण करण्यासाठी बनवलेले आहे. १९५५ साली जिनिव्हाला अणुऊर्जेच्या शांततामय वापराविषयी संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली. तिचे अध्यक्ष होते आपले डॉ. होमी भाभा. अणुसंमीलनाची ऊर्जा नियंत्रित स्वरूपात मिळवण्याची रीत दोन दशकांत सापडेल, असे भाकीत त्यांनी तेथे केले. ती दोन दशके १९७५ सालीच संपली. उशिराची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एक फारसे कोणी सांगत नाही. ते म्हणजे, भांडे कळकत होते!

हायड्रोजनची जड भावंडे दहा कोटी अंशांहून अधिक तापवली की त्यांचे अणुगर्भ एकत्र येतात आणि ऊर्जा बाहेर पडते. एवढा तप्त वायू, म्हणजे प्लाझ्मा, भिंतीला टेकू नये म्हणून तो चुंबकांच्या अदृश्य पिंजऱ्यात ठेवतात. मेदूवड्याच्या आकाराच्या या यंत्राला टोकामाक म्हणतात. ही कल्पना सोव्हिएत शास्त्रज्ञांची. पण पिंजरा कितीही पक्का असला तरी काही कण निसटतात, भिंतीवर आदळतात आणि तिथले अणू उखडून आत आणतात. भिंतीत मुरलेला प्राणवायूही सुटतो. टंगस्टनसारख्या जड धातूचे अणू दहा हजारांमागे एक या प्रमाणात शिरले, तरी सारी उष्णता प्रकाशाच्या रूपाने निघून जाते आणि आग मंदावते.

अमेरिकेतील प्रिन्स्टनच्या पीएलटी या यंत्रात १९७०च्या दशकात नेमके हेच झाले. टंगस्टनचे भाग काढून कार्बनचे बसवले, आणि १९७८ साली तिथे सुमारे सहा कोटी अंश तापमान गाठले गेले. मग जगभर कार्बनची चलती झाली. पण कार्बन झिजतो, आणि ट्रिटियम हे किरणोत्सारी इंधन स्वतःत मुरवून ठेवतो. वीजनिर्मितीसाठी ते परवडणारे नव्हते.

दरम्यान, १९८०च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतील यूलिश येथे टेक्स्टर या यंत्राच्या भिंतीला बोरॉनचा लेप देण्यात आला. मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका तो पातळ, पण प्राणवायू पकडून ठेवण्यात पटाईत. ही खरी कल्हई! मात्र तिच्यासाठी वापरलेला डायबोरेन वायू विषारी असून हवेत पेट घेऊ शकतो. शिवाय लेप देताना मुख्य चुंबक बंद ठेवावे लागत, आणि काही दिवसांत लेप झिजून जाई. नव्या यंत्रांत अतिवाहक चुंबक आले. ते वारंवार चालू-बंद करणे सोयीचे नसते.

यातून प्रिन्स्टनच्या प्रयोगशाळेने एक साधा उपाय काढला. यंत्राच्या माथ्यावर एक थरथरणारी वाटी बसवायची. तिच्यातून बोरॉनची पूड, सेकंदाला काही मिलिग्रॅम एवढीच, प्लाझ्मात सोडायची. कण आपल्या वजनानेच खाली पडतात, आगीत वितळून वाफ होतात आणि प्लाझ्माबरोबर वाहत जाऊन भिंतीवर बसतात. भांडे चुलीवरून न उतरवताच कल्हई! जर्मनी, अमेरिका, चीन, जपान आणि फ्रान्समधील यंत्रांवर हे प्रयोग झाले. चीनच्या ईस्ट आणि जपानच्या एलएचडी या यंत्रांत पुडीमुळे प्लाझ्माची खळबळ कमी झाल्याचेही दिसले.

हे आता का महत्त्वाचे? २०२५ साली ईस्टने १,०६६ सेकंद, तर फ्रान्सच्या वेस्टने १,३३७ सेकंद प्लाझ्मा टिकवला. आग जितका वेळ जळेल, तितका वेळ कल्हई टिकली पाहिजे. फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या ईटर या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने भिंतीसाठी आधी निवडलेला बेरिलियम सोडून टंगस्टन घेण्याचा निर्णय २०२३ साली जाहीर केला. बेरिलियम स्वतःच प्राणवायू टिपतो, टंगस्टन टिपत नाही. म्हणून बोरॉनचा लेप आता त्याच्या योजनेत आला आहे. भारत २००५ पासून या प्रकल्पाचा भागीदार आहे, आणि गांधीनगरला आपला स्वतःचा आदित्य टोकामाकही १९८९ साली सुरू झाला.

पुडीने सारे प्रश्न सुटले असे नाही. साचलेला बोरॉनही ट्रिटियम धरून ठेवतो, आणि महिनोन्‌महिने चालणाऱ्या यंत्रात ती धूळ काढायची कशी, हे ठरायचे आहे. डॉ. भाभांचे भाकीत खरे ठरायला अजून किती वर्षे लागतील, हे सांगण्याचे धाडस मी करणार नाही. पण सूर्य पेटवायला निघालेल्या माणसाला भांड्याच्या कल्हईकडे दुर्लक्ष करून चालत नाही, एवढे मात्र या सत्तर वर्षांनी शिकवले आहे.