छातींतील जळजळ: औषधांच्या शोधाचा इतिहास

भरपेट जेवणानंतर घटकाभरांत छातीच्या मधोमध आग उठते, आंबट पाणी घशाशीं येतें, आणि घरांतील वडील मंडळी पाण्यांत चिमूटभर सोडा घालून पुढें करतात. हें दुखणें नवें नव्हे. 'माधवनिदान' या जुन्या वैद्यकग्रंथांत अम्लपित्ताला स्वतंत्र प्रकरण आहे. इकडील वैद्यांचें शंखभस्म आणि विलायतेंतील औषधविक्यांचा खडू, हीं दोन्हीं मुळांत चुन्याचींच रूपें होत. आम्ल तयार होऊं द्यावें आणि मग क्षार टाकून तें मारावें, एवढ्या एका युक्तीवर मनुष्यानें शतकानुशतकें निभावून नेलें.

ही युक्ति खोटी नव्हती, तोकडी होती. सोड्याचा गुण लवकरच ओसरे आणि जठर पुन्हा आपलें काम सुरू करी. शिकागोचे डॉ. बर्ट्रम सिपी यांनीं १९१५ सालीं यावर तोड काढली ती अशी, कीं जठरव्रणाच्या रोग्यानें दर तासास दूध व साय घ्यावी आणि मधून मधून क्षारचूर्णें घ्यावींत. हा क्रम फार गाजला. परंतु कांहीं रोग्यांच्या रक्तांतील क्षारता वाढून मूत्रपिंडें बिघडूं लागलीं, व १९२३ मध्यें या नव्या विकाराचें वर्णन प्रसिद्ध झालें. ज्यांना औषधानें गुण येईना, त्यांच्या जठराचा भागच कापून काढीत. १९४३ पासून, शिकागोसच डॉ. लेस्टर ड्रॅगस्टेट यांच्या पुढाकारानें, जठराकडे जाणारी नस तोडण्याची पद्धत रूढ होऊं लागली. आम्ल थांबविण्यासाठीं माणसाचें पोट उघडावें लागावें, हा औषधीविद्येचा पराभवच म्हटला पाहिजे.

जळजळीचें स्थान जठराच्या वर, अन्ननलिकेंत, आहे हें ध्यानांत यावयासहि वेळ लागला. न्यूयॉर्कचे डॉ. ॲशर विंकेलस्टाइन यांनीं १९३५ मध्यें असें सुचविलें, कीं जठरांतील रस उलटा वर चढून अन्ननलिकेच्या अस्तरास भाजतो. जठरास आपल्या आम्लापासून स्वतःचें रक्षण करतां येतें. अन्ननलिकेस तसें कवच नाहीं. दोहोंच्या मधलें स्नायूंचें द्वार सैल पडलें, कीं आग लागलीच.

परंतु जठरास आम्ल सोडण्याचा हुकूम देतो कोण? पोलिश शरीरशास्त्रज्ञ पोपिएल्स्की यांनीं कुत्र्यास हिस्टामिन टोंचून पाहिलें, तेव्हां जठरांत आम्लाचा लोंढा आला. हा प्रयोग १९२० मध्यें प्रसिद्ध झाला. पुढें हिस्टामिनला अडविणारीं औषधें निघालीं. त्यांनीं अंगावरचें पित्त बसे, शिंका थांबत. आम्ल मात्र वाहतच राही.

हें कोडें स्कॉटिश औषधशास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनीं १९६४ मध्यें हातीं घेतलें. लंडनच्या उत्तरेस वेल्विन गार्डन सिटी येथें स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच कंपनीची प्रयोगशाळा होती. ब्लॅक यांचा तर्क असा, कीं हिस्टामिनच्या एकाच किल्लीचीं दोन कुलुपें शरीरांत असावींत. जुनीं औषधें पहिलें अडवितात, दुसऱ्यास शिवतहि नाहींत. मग दुसऱ्या कुलुपांत शिरेल पण तें उघडणार नाहीं, अशी खोटी किल्ली घडविणें आलें. रसायनज्ञ रॉबिन गॅनेलिन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं चार वर्षांत सुमारें २०० संयुगें तयार केलीं. एकहि उपयोगी पडलें नाहीं. व्यापारी कंपनीनें इतका धीर धरावा, हें विरळाच. अखेर, आरंभींच तयार करून बाजूस सारलेल्या एका संयुगांत अल्पसा रोधक गुण आढळला. जुन्या चाचणीच्या रीतींत तो दडून राहिला होता. त्या धाग्यावरून १९७२ मध्यें ब्यूरिमामाइड जाहीर झालें. तें शिरेंतून दिल्यास चाले, पोटांत घेतल्यास पुरें पडेना. दुसरें, मेटियामाइड, तोंडानें घेतां येई. पण थोड्या रोग्यांच्या रक्तांतील पांढऱ्या पेशी घटल्या आणि तेंहि सोडावें लागलें. संशय त्यांतील गंधकाच्या भागावर होता. तो काढून दुसरी जोडणी केली, तेव्हां सिमेटिडिन मिळालें. नोव्हेंबर १९७६ मध्यें तें ब्रिटनमध्यें विक्रीस आलें, आणि पोट कापण्याचे प्रसंग झपाट्यानें कमी झाले. ब्लॅक यांस १९८८ मध्यें नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला.

तरीहि अन्ननलिका भाजलेल्या अनेकांस पुरता आराम पडेना. आम्लाचा हुकूम एकटें हिस्टामिन देत नाहीं. नसांचे व इतर रसांचेहि निरोप तेथें पोंचतात. हे सारे निरोप जेथें येऊन मिळतात, तो म्हणजे जठरपेशींतून आम्ल बाहेर टाकणारा पंप. स्वीडनमधील हेस्ले कंपनींत १९७९ मध्यें तयार झालेलें ओमेप्राझोल हा पंपच बंद पाडतें. दीर्घकाळ औषध दिलेल्या उंदरांच्या जठरांत गांठी आढळल्यामुळें १९८४ मध्यें माणसांवरील चाचण्या थांबविण्यांत आल्या. आम्ल पार दबल्यानें गॅस्ट्रिन बेसुमार वाढतें आणि त्या गांठी त्यामुळें होतात, असें पुढें ठरलें. १९८८ मध्यें औषध बाजारांत आलें.

ही गोळी चालू असलेलेच पंप पकडते. म्हणून ती जेवणापूर्वीं अर्धा तास घ्यावयाची असते. दीर्घकाळ घेऊन एकदम सोडली, तर आम्लाची उसळी पूर्वींपेक्षां मोठी येऊं शकते. आणि द्वार सैल तें सैलच राहतें: जठरांतील पदार्थ पूर्वींसारखेच वर चढत असतात, फक्त त्यांत भाजण्याइतकें आम्ल उरलेलें नसतें.