गोव्याचा पक्षी आणि अंगणातली भट्टी

पदार्थांचा इतिहास राजवंशांच्या इतिहासाइतका प्रतिष्ठित मानला जात नाही. आपण शाळेत लढायांच्या सनावळ्या पाठ केल्या; पण ज्या मिरचीवाचून आपला घास उतरत नाही आणि ज्या भुईमुगाच्या तेलात आपली दिवाळी तळून निघते, ती दोन्ही अमेरिका खंडातून समुद्र ओलांडून आपल्याकडे आली, याची आठवण फारशी कोणी ठेवीत नाही. त्याच खंडातून आलेला एक पक्षीही आहे. त्याने आपल्या दख्खनच्या किनाऱ्यावरून थेट मोगल दरबार गाठला, आणि आज चारशे वर्षांनंतर तो निराळ्याच वाटेने आपल्या दाराशी येऊ पाहत आहे. तो पक्षी म्हणजे टर्की.

टर्की हा मूळचा मेक्सिकोचा. स्पॅनिश लोक तेथे पोचण्याच्या कित्येक शतके आधीपासून तेथील रहिवाशांनी त्याला माणसाळविले होते. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो युरोपात आला आणि तेथे त्याच्या नावाचा मोठा गमतीचा घोटाळा झाला. इंग्रजांना तो तुर्कांच्या मुलखातला वाटला. फ्रेंचांनी त्याला हिंदुस्थानचा ठरविला, तुर्कांनी तर त्याचे नावच 'हिंदी' ठेवले, आणि डचांनी त्याला आपल्या कालिकतचे नाव दिले. पोर्तुगीजांनी मात्र त्याला 'पेरू' म्हटले, आणि तेच नाव उत्तर हिंदुस्थानात काही ठिकाणी रुळले. मूळ गाव एक, नाव दुसऱ्याच गावाचे, आणि मुक्काम तिसऱ्याच ठिकाणी! बदलीच्या नोकरीत आयुष्य घालविणाऱ्या वाचकांना या पक्ष्याविषयी थोडी आपुलकी वाटल्यास नवल नाही.

हिंदुस्थानात या पक्ष्याची जी सुप्रसिद्ध नोंद आहे, ती गोव्याशी निगडित आहे. 1510 मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेला आणि पुढे ते बंदर दुर्मीळ वस्तूंचे मोठे पेठस्थान बनले. बादशहा जहांगीर याने आपला सरदार मुकर्रबखान याला गोव्यास पाठवून, फिरंग्यांनी मागितलेली किंमत देऊन अपूर्व वस्तू खरेदी करण्याची आज्ञा केली. 1612 मध्ये खान परतला, तेव्हा त्याने आणलेल्या प्राण्यांत हा पक्षीही होता. जहांगिराने आपल्या आत्मवृत्तात त्याचे केलेले वर्णन एखाद्या निसर्गशास्त्रज्ञाला शोभेल असे आहे. लांडोरीपेक्षा मोठा, मोरापेक्षा लहान. मस्तीत आला की मोरासारखा पिसारा फुलविणारा. आणि डोक्यामानेवरील मांसल भागाचा रंग सरड्याप्रमाणे पालटणारा. नुसते वर्णन करून त्याचे समाधान झाले नाही. ऐकणाऱ्यापेक्षा पाहणाऱ्याला अधिक आश्चर्य वाटावे म्हणून त्याने चित्रकारांकडून त्याचे चित्र काढविले. उस्ताद मन्सूर याने रेखाटलेला तो टर्की आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. परक्या वस्तूला हात लावण्यापूर्वी तिला नीट न्याहाळावे, हा धडा त्या चित्रात आहे, आणि प्रस्तुत लेखाचे सूत्रही तेच आहे.

आता दुसरी वाट पाहू. बंगळूर हे आपल्याला परके शहर नव्हे. 1638 मध्ये विजापूरकरांच्या फौजेने ते जिंकल्यावर शहाजीराजांची जहागीर येथे होती. पुढे 1809 साली येथे इंग्रजांची छावणी उभी राहिली. अशा छावण्यांमधून नाताळच्या मेजवानीतला टर्की हिंदुस्थानात आला. पण तो भाजलेला. अख्खा टर्की तेलात बुडवून तळण्याची रीत त्या मानाने अगदी अलीकडची. ती अमेरिकेच्या दक्षिणेकडील लुइझियाना प्रांतातली. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ती तिकडे सर्वत्र पसरली. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणारा आभारदिन हा तिचा खास मुहूर्त. ज्यांची मुलेबाळे तिकडे स्थायिक झाली आहेत अशा आपल्या घरांतून ही कल्पना इकडे येण्यास वेळ लागत नाही. मोठे पातेले, गॅसचे नळकांडे आणि तिकाटण्यावरची शेगडी एवढी सामग्री जमली की झाले, असा समज होतो. येथेच सावध होणे जरूर आहे.

तळण्याची विद्या आपल्याला नवी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात पुऱ्यावड्यांसारखे तळणीचे पदार्थ वर्णिलेले आहेत. ते कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. तेव्हा भुईमूग या देशात आलेला नव्हता. तळण होई ते तुपात किंवा तिळाच्या तेलासारख्या देशी तेलांत. त्यानंतरच्या शतकांत आपल्या समाजाने तळणीविषयी जे शहाणपण जमविले, ते ग्रंथांत कमी आणि आचाऱ्यांच्या हातांत अधिक राहिले. लग्नकार्यात बुंदी पाडायची तर भट्टी मांडवात न घालता मोकळ्या जागी, वारा पाहून घालीत. कढई डगमगणार नाही अशी जमिनीत बसवीत. ओल्या हाताने झारा धरू देत नसत, आणि पोराबाळांना भट्टीपाशी फिरकू देत नसत. यात सोवळेओवळे किती आणि सावधगिरी किती, हे वेगळे काढणे कठीण. पण त्यामुळे कित्येक मांडव जळायचे वाचले, असे म्हणण्यास हरकत नाही.

या नियमांमागील कारण साधे आहे. 'उकळते तेल' असे आपण म्हणतो खरे. पण तळणीत उकळते ते तेल नव्हे, पाणी. तेल 175 अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि पाण्याची वाफ 100 अंशांनाच होते. पाणी तेलाहून जड असल्यामुळे ते तळाशी जाते, आणि वाफ होताना सुमारे 1700 पट फुगते. पुरीतले पाणी थोडे, म्हणून ती नुसती टम्म फुगते. परंतु पाच किलोच्या पक्ष्याच्या पोकळीत बर्फाचा गोळा राहिला असेल, तर तीच वाफ पातेल्यातील तेल बाहेर भिरकावते, ते खालच्या ज्योतीवर पडते आणि क्षणार्धात सगळे पातेले पेटते. अमेरिकेतील अग्निप्रतिबंधक राष्ट्रीय संघटना घरगुती टर्की-तळणीला सरळ नकारच देते, याचे कारण हेच.

तरीही ज्याला करावयाचे आहे, त्याने क्रम चुकवू नये. गोठविलेला पक्षी शीतकपाटात ठेवून वितळवावा. दर दोन किलोंना एक दिवस या हिशेबाने पाच किलोंना तीन दिवस धरावे. मग तो आतून बाहेरून कोरडा पुसावा. तेल किती लागेल हे आर्किमिडीजच्या रीतीने आधीच ठरवावे: रिकाम्या पातेल्यात पक्षी ठेवून तो बुडेपर्यंत पाणी ओतावे, पक्षी काढून पाण्याच्या पातळीची खूण करावी आणि पातेले पूर्ण कोरडे करावे. खुणेच्या वर पातेल्याचा काठ पुरेसा उंच राहिला पाहिजे. राहत नसेल तर पातेले लहान आहे असे समजावे. तेल शुद्ध केलेले शेंगदाण्याचे घ्यावे. घाण्याचे तेल चवीला उत्तम असले तरी ते लवकर धुरावते. शेगडी घरापासून निदान 10 फूट दूर, सपाट जमिनीवर असावी, आणि नळकांडे नळीच्या लांबीइतके लांब ठेवावे. तेलाची उष्णता मापकाने पाहावी. धूर येऊ लागला तर आच ताबडतोब बंद करावी. पक्षी सोडताना ज्योत विझवावी, तो आकड्याला अडकवून अगदी सावकाश उतरवावा, आणि खळबळ शांत झाल्यावरच पुन्हा आच पेटवावी. किलोला सात-आठ मिनिटे लागतात. मांडीच्या जाड भागात उष्णतामापक खुपसल्यावर 74 अंश दिसले की मांस शिजले. तेवढा वेळ कोणी तरी जाणते माणूस जागेवरून हलता कामा नये. तेल निवण्यास कित्येक तास लागतात. तोवर पातेल्याला हात लावू नये.

आणि तेल पेटलेच तर? पाणी ओतणे म्हणजे वर सांगितलेला स्फोट स्वहस्ते घडविणे होय. सुरक्षितपणे हात पोचत असेल तर गॅस बंद करावा आणि झाकण सरकवून हवा तोडावी. नाही तर माणसे दूर न्यावीत आणि अग्निशामक दलाला बोलवावे. हे ज्ञान सणाच्या आदल्या दिवशी घरातील सर्वांना असले पाहिजे, प्रसंग ओढवल्यावर नव्हे.

आमच्या के. आर. पुरम भागात 1948 साली टेलिफोनचा सरकारी कारखाना आला तेव्हा मोकळी जागा विपुल होती. आज येथे मजल्यावर मजले चढले आहेत. सज्जा म्हणजे अंगण नव्हे, आणि वाहने ठेवण्याचा तळमजला म्हणजे परसू नव्हे. ज्या घराला जमिनीला टेकलेले उघडे अंगण नाही, त्या घराने ही हौस करू नये. तुकडे करून कढईत तळलेला किंवा भट्टीत भाजलेला पक्षी चवीला उणा ठरत नाही.

वस्तू देशोदेशी सहज प्रवास करते. तिच्यामागचे शहाणपण मात्र पुष्कळदा मूळ गावीच राहून जाते. टर्कीच्या बाबतीत तर ते आपल्या स्वतःच्या आचाऱ्यांपाशीच होते, आणि अंगणाबरोबर आपण तेही सोडून दिले. जहांगिराने परक्या पक्ष्याला डोळे भरून पाहिले, म्हणून तो आजही चित्रात जिवंत आहे. आपल्याला चित्र काढता आले नाही तरी चालेल. पण भट्टी कोठे घालावी एवढे आजोबांचे ज्ञान नव्या बिऱ्हाडात नेण्यास सामानाचे ओझे मुळीच वाढत नाही.