पंखाखालचा मुक्काम

स्वतःचे छोटे विमान चालवत मेळाव्याला जायचे, मैदानात नेमून दिलेल्या जागी ते उभे करायचे आणि मेळावा संपेपर्यंत त्याच्याच पंखाशेजारी तंबू ठोकून राहायचे, ही प्रथा आज मुख्यतः अमेरिकेत आणि काही प्रमाणात युरोपात दिसते. अशा मेळाव्याला ‘फ्लाय-इन’ म्हणतात. ठाणे जिल्ह्यातल्या वाचकाला हे नाव नवे असले, तरी रीत ओळखीची आहे. मुरबाड तालुक्यातल्या म्हशाच्या जत्रेला बैलगाडीने येणारी कुटुंबे बैल सोडत, गाडी टेकवत आणि तिच्याच आडोशाला तीन दगडांची चूल मांडून जत्रा उठेपर्यंत राहत. ज्या वाहनाने यायचे, त्याच्याच सावलीत निजायचे. फ्लाय-इनमध्ये बैलगाडीच्या जागी विमान असते.

याच जिल्ह्यातल्या कल्याण-आंबिवलीच्या परिसरात धावपट्टीही झाली आणि मोठी छावणीही वसली. तरीही विमानाशेजारी हौसेने राहण्याची प्रथा इथे रुजली नाही. असे का झाले, हे समजण्यासाठी या मुक्कामाचा इतिहास सुरुवातीपासून पाहावा लागतो.

गरजेचा मुक्काम

विमानाशेजारी झोपण्याची वेळ वैमानिकांवर आधी गरजेपोटी आली, हौस नंतरची. पहिले महायुद्ध संपल्यावर अमेरिकेच्या लष्कराला शिकाऊ विमानांची गरज उरली नाही. ‘कर्टिस जेनी’ जातीची ही दुपंखी विमाने स्वस्तात विकायला निघाली. ती घेऊन तरुण वैमानिक गावोगाव हिंडू लागले. एखाद्या कुरणात उतरायचे, जमलेल्या गर्दीला कसरती दाखवायच्या, चार पैसे घेऊन लोकांना आकाशाची फेरी घडवायची आणि रात्री पंखाखाली पथारी पसरायची, असा त्यांचा क्रम असे. १९२७ मध्ये एकट्याने अटलांटिक ओलांडणारा चार्ल्स लिंडबर्ग यांच्यातलाच. त्याने १९२३ मध्ये ५०० डॉलरला स्वतःची जेनी घेतली होती.

कॅनडा आणि अलास्काच्या हिमप्रदेशात हा मुक्काम आणखी खडतर होता. तिथले वैमानिक संध्याकाळी उतरल्याबरोबर इंजिनातले तेल डब्यात काढून तंबूत नेत, कारण रात्रीच्या थंडीत ते इंजिनातच गोठले असते. सकाळी शेगडीवर गरम केलेले तेल पुन्हा ओतल्यावरच इंजिन सुरू होई.

युरोपात १९२५ मध्ये डी हॅविलंड कंपनीचे ‘मॉथ’ हे दोन आसनांचे विमान उडाले आणि खाजगी विमान ही कल्पना आवाक्यात आली. मॉथचे पंख मागे दुमडता येत. दुमडलेले विमान मोटारीमागे बांधून रस्त्याने नेता येई आणि लहानशा शेडमध्येही मावे. भारतात हौशी उड्डाणाची सुरुवात याच विमानावर झाली.

जुहूचे मैदान

१९२८ मध्ये सरकारच्या मदतीने दिल्ली, कलकत्ता, कराची आणि मुंबई येथे फ्लाइंग क्लब सुरू झाले. मुंबईच्या क्लबचे ठिकाण होते जुहू. याच क्लबात शिकून जे. आर. डी. टाटांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळवला. भारतात दिलेल्या परवान्यांत त्याचा क्रमांक पहिला होता.

त्या काळच्या लांबच्या प्रवासात वाटेतले मुक्काम अटळ होते. इंग्लंड आणि भारत यांमधले अंतर एकट्याने पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखानांनी ५०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले होते. १९३० मध्ये त्या स्पर्धेत टाटा कराचीहून इंग्लंडकडे निघाले आणि अस्पी इंजिनिअर उलट दिशेने येत होते. इजिप्तमधल्या अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पी स्पार्क प्लगवाचून अडकून पडले होते. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्यांना देऊन टाकले. पुढे बक्षीस अस्पींनीच जिंकले. १९६० ते १९६४ या काळात तेच भारतीय हवाई दलाचे प्रमुख होते. विमानतळांवर सोयी नसण्याच्या त्या दिवसांत वैमानिकाला दुसऱ्या वैमानिकाचाच आधार असे आणि फ्लाय-इनच्या मैदानावर आजही तोच शिरस्ता पाळला जातो.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटा ‘पुस मॉथ’ विमानातून कराचीहून टपाल घेऊन निघाले, अहमदाबादला थांबले आणि दुपारी जुहूला उतरले. अहमदाबादला त्यांच्या विमानासाठी पेट्रोलचे डबे आले ते बैलगाडीतून. जुहूच्या तळावर टाटांच्या या हवाई टपालसेवेची शेड झावळ्यांनी शाकारलेली होती. पाऊस सुरू झाला की समुद्रालगतच्या त्या मैदानात चिखल आणि पाणी साचे, त्यामुळे पावसाळ्यात टपालाची विमाने पुण्याला हलवावी लागत. कोकणपट्टीत छोट्या विमानाला वर्षातले चार महिने उघड्यावर राहता येत नाही, हा धडा जुहूने सुरुवातीलाच दिला.

कल्याणची छावणी आणि नेवाळीची धावपट्टी

दुसऱ्या महायुद्धात मुंबई हे सैन्याच्या ये-जा करण्याचे मोठे बंदर झाले आणि मुंबईच्या मागचा कल्याणचा मोकळा प्रदेश लष्कराने घेतला. आंबिवलीच्या शेजारचे स्टेशन शहाड. त्याच्याच जवळ उल्हास नदीच्या खोऱ्यात ‘कल्याण मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प’ उभा राहिला. सहा हजार सैनिक आणि इतर तीस हजार माणसे राहावीत अशी त्याची योजना होती. त्यासाठी दोन हजारांहून अधिक बराकी बांधल्या गेल्या.

याच काळात कल्याणच्या दक्षिणेला, मलंगगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नेवाळी आणि आसपासच्या गावांची सोळाशे एकरांहून अधिक जमीन घेऊन लष्करी विमानांसाठी धावपट्टी तयार करण्यात आली. भातशेती आणि गवताच्या माळावर आलेला हा विमानतळ युद्धाच्या गरजेपुरता होता. युद्ध संपले की जमीन परत मिळेल, असे गावकरी धरून चालले होते.

युद्ध संपले, छावणीला मात्र लगेच दुसरे काम मिळाले. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना रिकाम्या बराकींत जागा देण्यात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची पायाभरणी होऊन तिचे नाव उल्हासनगर पडले. नाव बदलले तरी बोलण्यात जुना शब्द टिकला. आंबिवली-टिटवाळ्याचा माणूस आजही कापड घ्यायला ‘कॅम्पात’ जातो आणि पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर एक’पासून ‘पाच’पर्यंत आकडे देतो. या भागात ‘कॅम्प’ म्हणजे आधी सैनिकांचा आणि मग निर्वासितांचा नाइलाजाचा मुक्काम. हौसेने तंबू ठोकण्याचा अर्थ त्या शब्दाला इथे कधी चिकटला नाही.

नेवाळीची जमीन संरक्षण खात्याच्या ताब्यातच राहिली. हौशी वैमानिकांना ती मिळाली नाही आणि शेतकऱ्यांनाही परत मिळाली नाही. अनेक कुटुंबे तिथे शेती करत राहिली आणि मालकीचा वाद पिढ्यान् पिढ्या चालला. २०१७ मध्ये नौदलाने या जमिनीला कुंपण घालण्याचे काम हाती घेतले, तेव्हा तो उफाळून आला. २२ जून रोजी नेवाळी परिसरातले आंदोलन हिंसक झाले. पोलिसांच्या गाड्या जाळण्यात आल्या आणि पोलीस व आंदोलक दोन्हीकडची माणसे जखमी झाली.

ऑशकॉशचे गवत

विमानाशेजारच्या मुक्कामाला आजचे रूप दिले ते अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याने. घरी विमान बांधणाऱ्या हौशी मंडळींची ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही संस्था पॉल पोबेरेझ्नी यांनी जानेवारी १९५३ मध्ये मिलवॉकी येथे स्थापन केली. त्याच वर्षी सप्टेंबरात भरलेल्या पहिल्या मेळाव्याला मोजकीच विमाने आली होती. गर्दी वाढल्यावर मेळावा १९५९ मध्ये इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्डला आणि १९७० मध्ये ऑशकॉश या छोट्या शहराच्या विमानतळावर गेला. आता दरवर्षी जुलैअखेर तिथे दहा हजारांच्या आसपास विमाने येतात आणि आठवडाभरात सहा लाखांहून अधिक लोक हजेरी लावतात. मैदानावर तंबू आणि फिरत्या घरांसाठी बारा हजारांहून अधिक जागा असून त्यांत अंदाजे चाळीस हजार माणसे राहतात.

इतकी विमाने एका तळावर उतरवण्याची रीत ठरलेली आहे. रिपन नावाच्या गावावर सगळी छोटी विमाने एकामागोमाग एक अशी रांग धरतात आणि तिथून खालच्या रेल्वेच्या रुळांवर नजर ठेवत फिस्क या खेड्याकडे येतात. फिस्कला जमिनीवर बसलेले नियंत्रक दुर्बिणीने विमानाचा रंग आणि जात ओळखून त्याला हाक देतात. वैमानिक उलट बोलत नाही, नुसते पंख हलवून होकार देतो. धावपट्टीवर रंगीत ठिपके काढलेले असतात. ज्याला जो ठिपका सांगितला, त्याने त्यावरच टेकायचे, म्हणजे एकाच पट्टीवर एकापाठोपाठ एक विमाने उतरू शकतात. मुक्कामाला आलेला वैमानिक काचेवर मोठ्या अक्षरांत तशी पाटी लावतो आणि ती पाहून स्वयंसेवक त्याला गवतावरच्या रांगेत नेऊन उभे करतात.

उतरल्यावर तंबूच्या आधी विमान बांधायचे, हा पहिला नियम. दोन्ही पंखांखाली एकेक आणि शेपटीखाली एक अशा कड्या असतात. जमिनीत पिळून घातलेल्या लोखंडी मेखांना या तीन कड्या दोरांनी बांधतात. विमान चालवायचा दांडा वाऱ्याने हलू नये म्हणून तो आसनाच्या पट्ट्याने आवळून ठेवतात. मग तंबूची जागा ठरते. सेस्ना १७२ सारख्या विमानाचे पंख छताच्या उंचीवर असतात, त्यामुळे त्यांची सावली मिळते आणि पाऊसही थोडा अडतो. पंख बुडाशी असलेल्या विमानाजवळ तंबू बाजूलाच ठोकावा लागतो. बहुतेक छोट्या विमानांत इंधनाच्या टाक्या पंखातच असतात. त्यामुळे पंखाखाली शेगडी पेटवणे म्हणजे आगीशी खेळ. म्हशाच्या जत्रेत गाडीच्या आडोशाला चूल मांडता येते, तेवढी मुभा इथे नाही.

बांधण्याचा नियम किती मोलाचा, हे फ्लोरिडातल्या लेकलँड येथे ३१ मार्च २०११ रोजी दिसले. तिथल्या ‘सन अँड फन’ मेळाव्यावर वादळ आले आणि उभी असलेली कित्येक विमाने उलटली किंवा मोडली. त्याआधीच्या वर्षी ऑशकॉशला इतका पाऊस झाला, की मैदानाचा चिखल झाला आणि येणारी विमाने आजूबाजूच्या तळांवर थोपवावी लागली.

इथे का नाही

महाराष्ट्रात छोट्या विमानांची आवड कधीच नव्हती, असे मात्र नाही. तेव्हा ठाण्यात कारखाना असलेल्या रेमंड कंपनीचे विजयपत सिंघानिया यांनी १९८८ मध्ये मायक्रोलाइट विमानातून लंडन ते अहमदाबाद हा प्रवास २३ दिवसांत केला. वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीतल्या चारकोप येथे इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. ते २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिले आणि २०१७ मध्ये त्याची रीतसर नोंदणी झाली. धुळे, बारामती आणि गोंदिया येथे उड्डाण शिकवणाऱ्या संस्था आहेत, पुण्यात हडपसरला ग्लायडिंगचे केंद्र आहे. धावपट्ट्यांची आणि शिकणाऱ्यांची वाण नाही.

अडचण मुक्त संचाराची आहे. अमेरिकेत स्वच्छ हवेत डोळ्यांनी पाहून उडणाऱ्या खाजगी वैमानिकाला बहुतेक भागांत उड्डाणाचा आराखडा सादर करण्याची सक्ती नाही. भारतात तो आराखडा द्यावा लागतो आणि हवाई संरक्षण यंत्रणेची मंजुरीही घ्यावी लागते. अशा उड्डाणाला सूर्यास्तानंतर वीस मिनिटांच्या पुढे परवानगी नाही. पिस्टन इंजिनाला लागणारे ‘एव्हगॅस’ हे इंधन आयात करावे लागे. इंडियन ऑइलने त्याचे देशी उत्पादन २०२२ मध्ये सुरू केले. स्वतःच्या मालकीची छोटी विमाने मुळातच कमी. त्यात, अमेरिकेतले फ्लाय-इन जोरात असतात तेव्हा इथे आषाढ-श्रावणाची झड लागलेली असते. इथे असा मेळावा भरवायचा तर म्हशाच्या जत्रेप्रमाणे पौष-माघातच भरवावा लागेल.

शेवटचे कारण जमिनीचे. मॉथच्या काळात जुहूला मैदान होते. आज जुहूच्या भोवती दाट वस्ती आहे आणि तिथली वर्दळ प्रामुख्याने हेलिकॉप्टरची आहे. आंबिवली-शहाडच्या पट्ट्यात रेयॉनचे कारखाने आले आणि त्यांच्या मागोमाग वस्ती आली. नेवाळीची धावपट्टी वादात अडकली. ऑशकॉशला मैदानावर कोणाचा दावा नाही, म्हणून तिथे गवतावर मेखा ठोकता येतात. खाजगी विमान, मोकळे मैदान आणि उडण्याची सहज मुभा या तीन गोष्टी जिथे एकत्र आल्या, तिथेच पंखाखालच्या मुक्कामाची प्रथा टिकली. कल्याणच्या वाट्याला त्यांतले मैदान तेवढे आले होते, आणि तेही शेतकऱ्यांच्या भाताच्या खाचरांतून काढून घेतलेले.