कल्याणचे अवरुद्ध बंदर आणि अनधिकृत व्यापार

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास कोणा ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरप्रवासवृत्तात कल्याणचा उल्लेख अगदी त्रोटक आहे. थोरल्या सातकर्णीच्या काळी येथे कायदेशीर पेठ होती. पुढे संदनेसकडे सत्ता गेल्यावर येथील व्यापार अडला, आणि योगायोगाने येथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भरुचला नेली जातात, असा त्याचा आशय. हा संदनेस कोण, या वादात पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. आर्थिक इतिहासाच्या दृष्टीने ‘कायदेशीर’ आणि ‘योगायोगाने’ हे दोन शब्दच अधिक विचारार्ह होत.

‘कायदेशीर पेठ’ या संज्ञेच्या नेमक्या अर्थाविषयी मतभेद असले, तरी राजसत्तेच्या नियमनाखाली परकीयांचा व्यवहार चालणारे स्थान असा अर्थ प्रसंगास जुळतो. ‘योगायोगाने’ हा शब्द मात्र सहज पटत नाही. जहाजे केवळ वाट चुकून येत असती, तर पहाऱ्याची तरतूद करण्याचे फारसे कारण नव्हते. मोहाचे कारण भूगोलातच होते. पैठण व तगर येथील माल गाड्यांतून, बिकट वाटांनी, भरुचला जाई. पैठण तेथून वीस दिवसांच्या अंतरावर होते, असे पेरिप्लसच सांगतो. नाणेघाटातून कल्याणला उतरणारी वाट त्याहून कितीतरी जवळची. म्हणजे सातवाहनांच्या देशातील मालावर भरुचला क्षत्रपांची जकात बसू लागली. भरुचला रोमन सोन्याचांदीची नाणी देशी नाण्यांशी बदलताना नफा होई, अशीही नोंद आहे. तो लाभही तिकडेच गेला. दुसऱ्या टोकास रोमही पूर्वेकडील मालावर शेकडा 25 जकात घेत असे, तरीही दरसाल 5 कोटी सेस्टर्स हिंदुस्थानात जातात अशी तक्रार प्लिनीने केलीच.

निर्बंध ग्रीक जहाजांवर होता. देशी तारवांविषयी ग्रंथ मौन पाळतो. उल्हास नदीच्या मुखापासून ठाण्याच्या खाडीपर्यंतच्या फाट्यांतून लहान तारवांनी चौलकडे माल नेणे अवघड नव्हते, आणि चौलचे नाव पेरिप्लसमध्ये कल्याणनंतर लगेच येते. हे अनुमान आहे, पुरावा नव्हे; चोरट्या व्यापाराचा शिलालेख कोणी कोरीत नाही! तथापि साष्टीतील कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणचे व्यापारी, सोनार, लोहार दाते म्हणून भेटतात. बंदर खरोखर मेले असते, तर हा कारागीरवर्ग इतक्या लवकर दानास समर्थ झाला नसता. राजकीय निर्बंधाने व्यापाराची वाट व जकातीचा धनी बदलला. व्यापार मात्र आटला नाही.

गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केल्यावर हा धनी पुन्हा बदलला. 1906 मध्ये जोगळटेंभी येथे सापडलेल्या नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी नऊ हजारांवर गौतमीपुत्राचा ठसा पुन्हा उमटविलेला आहे. नहपानाच्या या चांदीत रोमन चांदीचा वाटा होता, असे काही नाणकशास्त्रज्ञ मानतात. सहाव्या शतकात कॉस्मस हिंदुस्थानातील मोठ्या पेठांची नावे देतो, तेव्हा त्यांत कल्याण पुन्हा आहे.