ते १२ केबी कुणाचे?

दुसऱ्या वर्षाच्या प्रगती-सेमिनारमध्ये मी एक आलेख दाखवला होता. फाइलसिस्टीम जुनी होत जाते तशी तिच्यातली मोकळी जागा कशी तुकड्या-तुकड्यांत विखुरते, हा माझा विषय. आलेखाखाली बारीक अक्षरांत सगळ्या नोंदींची बेरीज दिली होती. मॅडमनी आलेख बाजूला ठेवला आणि बेरजेवर बोट ठेवलं. "वापरता येण्याजोग्या जागेपेक्षा ही १२ केबीने जास्त कशी?"

"राउंडिंग असेल, मॅडम."

"असेल म्हणजे? कुठलं राउंडिंग? कुणी केलं?"

चाचणीसाठी बनवलेलं डिव्हाइस ८९६ एमबीच्या आसपासचं. त्यात १२ केबी म्हणजे एका टक्क्याचा हजारावा भाग, फार तर थोडा जास्त. पण मला उत्तर देता आलं नाही. पुढचे तीन आठवडे त्या १२ केबीमागे गेले, आणि त्या शोधात मी कोडमधून थेट इतिहासात जाऊन पडलो. संशोधनाची तयारी करताय म्हणून हा प्रवास तुम्हाला सांगतोय.

सुरुवात ५१२ या आकड्यापासून करावी लागते. सुरुवातीच्या युनिक्समध्ये डिस्कचा हिशोब ५१२ बाइटच्या ब्लॉकमध्ये व्हायचा. लहान ब्लॉकचा फायदा असा की जागा फुकट जात नाही. तोटा असा की डिस्क रांगते. बर्कलीच्या मॅक्युसिक, जॉय, लेफलर आणि फॅब्री यांचा १९८४ चा फास्ट फाइलसिस्टीमवरचा शोधनिबंध जरूर वाचा. जुन्या पद्धतीत डिस्कच्या क्षमतेचा जेमतेम दोन टक्के वेग हाती लागतो, असं त्यात म्हटलंय. मग ब्लॉक सरळ ४०९६ बाइटचा का करू नये? त्याचंही मोजमाप तिथे आहे. त्यांच्याकडच्या फाइली बहुतेक छोट्या होत्या, त्यामुळे ५१२ च्या ब्लॉकने ६.९ टक्के जागा वाया जात होती, तर ४०९६ च्या ब्लॉकने ४५.६ टक्के. जवळजवळ निम्मी डिस्क! त्यावर तोड म्हणून त्यांनी मोठा ब्लॉक ठेवला आणि गरज पडली तर त्याचे दोन, चार किंवा आठ तुकडे करण्याची सोय केली.

माझ्या मते खरी मेख इथे आहे. त्या दिवसापासून एकाच डिस्कवर एकाहून जास्त मापं नांदू लागली. आणि दोन मापं आली की एका मापातून दुसऱ्यात जाताना उरलेल्या चिंधीचं काय करायचं, हा प्रश्न आलाच.

एक्सएफएसने हा संसार आणखी वाढवला. सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीने ही फाइलसिस्टीम १९९४ मध्ये आपल्या आयरिक्स ५.३ सोबत दिली. मोठ्या फाइली आणि व्हिडिओ हे त्यांचं गिऱ्हाईक. व्हिडिओ अडखळू नये म्हणून 'रिअलटाइम' असा डिस्कचा वेगळा विभाग करता येतो, आणि तिथे जागा ब्लॉकने न देता 'एक्सटेंट' नावाच्या मोठ्या ठोकळ्यांनी देतात. म्हणजे आज एक्सएफएसमध्ये मापं किती? वापरकर्त्याशी बोलताना बाइट. आतल्या पत्त्यांसाठी तो जुना ५१२ चा 'बेसिक ब्लॉक'. फाइलसिस्टीमचा स्वतःचा ब्लॉक, बहुधा ४०९६ चा. आणि रिअलटाइम एक्सटेंट. कोडमध्ये या मापांच्या अदलाबदलीसाठी मॅक्रोंच्या जोड्याच आहेत. बाइटचे बेसिक ब्लॉक करणारा 'बीटीओबीबी' उरलेला तुकडा वर ओढतो. त्याचा भाऊ 'बीटीओबीबीटी' तो तुकडा टाकून देतो. फरक फक्त शेवटच्या 'टी' या अक्षराचा. वाचताना नजरेतून निसटतो की नाही बघा.

आता माझी बेरीज जिथून आली त्या प्रश्नाकडे येतो. गावाकडे जमिनीचे दोन उतारे असतात. आठ-अ सांगतो की अमक्या खातेदाराची जमीन कुठे कुठे आहे. सातबारा उलट बाजूने सांगतो की या गटात कुणाकुणाचं किती. लिनक्सवर आठ-अ फार पूर्वीपासून आहे. आधी 'फिबमॅप' होता. तो एकेका ब्लॉकमागे एकेक प्रश्न विचारायचा, त्यामुळे मोठ्या फाइलीला जीव नकोसा व्हायचा. २००८ मध्ये 'फायमॅप' आला आणि फाइलीचा सगळा नकाशा सलग पट्ट्यांमध्ये मिळू लागला. डिस्कचा सातबारा मात्र २०१७ मध्ये कर्नल ४.१२ मध्ये आला, 'गेटएफएसमॅप' या नावाने, डॅरिक वाँग यांच्या कामातून, एक्सएफएस आणि एक्स्ट-४ या दोन्हींसाठी. तुम्ही एक सुरुवात आणि एक शेवट द्यायचा. मधल्या जागेत कोण बसलंय याची यादी मिळते. प्रश्न बाइटमध्ये विचारायचा, उत्तरही बाइटमध्ये, पण मध्ये कर्नलला सगळी मापं ओलांडून जावं लागतं.

या ओलांडण्याला एकच नियम पुरत नाही, हे समजायला मला खूप वेळ लागला. प्रश्नाची सुरुवात खाली आणायची आणि शेवट वर न्यायचा, म्हणजे काठावरचं कुणी सुटत नाही. पण एकूण जागा किती हे ठरवताना बरोबर उलटं: अर्धवट ठोकळा मोजायचाच नाही. एकाच फंक्शनमध्ये, दोन-चार ओळींच्या अंतरावर, दोन विरुद्ध दिशा. शिवाय फाइलसिस्टीमची सुरुवात नेहमी शून्यावर असते असंही नाही. एक किलोबाइटचे ब्लॉक असलेल्या एक्स्ट-४ मध्ये शून्य क्रमांकाचा ब्लॉक बूटसाठी सोडलेला असतो, हिशोब एकपासून सुरू होतो. तिथे कुणी 'शून्यापासून शून्यापर्यंत' असा प्रश्न विचारला तर सुरुवात एकवर सरकायची, शेवट शून्यावरच राहायचा. सुरुवात शेवटाच्या पुढे! आपोआप वेडेवाकडे प्रश्न विचारत फिरणाऱ्या सिझबॉट या चाचणीयंत्रणेने नेमका हाच प्रश्न विचारला आणि कर्नल कोसळला. दुरुस्ती २०२३ ची. तिच्या शीर्षकात 'आणखी एक' या अर्थाचा शब्द आहे, कारण अशीच एकाने चुकलेली गोष्ट याच मापाच्या ब्लॉकसाठी २०१७ मध्येही दुरुस्त झाली होती.

माझे १२ केबी मात्र एक्सएफएसचे. रिअलटाइम विभागावर मी ब्लॉक ४ केबीचा ठेवला होता आणि एक्सटेंट सात ब्लॉकचा, म्हणजे २८ केबीचा. सातच का? दोनाच्या घातात न बसणारा आकडा घेतला की लपलेल्या चुका वर येतात, एवढं ऐकून होतो. डिव्हाइसवर ब्लॉक होते २,२९,३७९. साताने भागा: ३२,७६८ पूर्ण एक्सटेंट, आणि बाकी ३. तीन ब्लॉक, १२ केबी. एवढ्यात एक एक्सटेंट बसत नाही, म्हणून ते कुणालाच कधी मिळू शकत नाहीत. सातबाऱ्यावर पोटखराबा लिहितात ना, तसं: क्षेत्रात आहे, पण पिकत नाही. आमच्या सर्व्हरवरचा जुना कर्नल या विभागाचा शेवट ब्लॉकांच्या संख्येवरून ठरवत होता, पूर्ण एक्सटेंटच्या संख्येवरून नाही. त्यामुळे माझ्या यादीत पोटखराबाही आला.

आणि हे नुसतं बेरजेपुरतं नाही. कुठला एक्सटेंट मोकळा आणि कुठला भरलेला, हे एका बिटमॅपमध्ये लिहिलेलं असतं. ४ केबीच्या एका बिटमॅप ब्लॉकमध्ये बिट मावतात बरोबर ३२,७६८. शून्यापासून मोजलं तर माझा शेवटचा एक्सटेंट ३२,७६७ वा; त्याच्या बिटवर बिटमॅपचा ब्लॉक काठोकाठ संपतो. शेपटीतल्या त्या तीन ब्लॉकांबद्दल विचारलं की हिशोब ३२,७६८ व्या एक्सटेंटवर जातो, म्हणजे बिटमॅपच्या अशा ब्लॉकवर जो अस्तित्वातच नाही. मग डिस्क ठणठणीत असूनही कर्नल म्हणू शकतो की फाइलसिस्टीम बिघडली आहे. २०२३ मध्ये वाँग यांनी केलेल्या दुरुस्तीत हेच सुधारलं: विभाग शेवटच्या पूर्ण एक्सटेंटपाशी संपतो, त्यापुढचं यादीत घ्यायचं नाही.

'असल्या कोपऱ्यातल्या चुकांनी कुणाचं काय बिघडतं?' असं एका ज्युनिअरने विचारलं. बिघडतं. एक्सएफएसची तपासणी करणारं 'एक्सएफएस-स्क्रब' डिस्कवरचा डेटा वाचून बघतं, आणि एखादी जागा वाचता आली नाही की तिथे कुठली फाइल होती हे याच सातबाऱ्यावरून शोधतं. यादीत काठावरची एक नोंद कमी आली तर खराब झालेल्या फाइलीचं नाव मालकाला कळणारच नाही. एक नोंद जास्त आली तर चांगल्या डिस्कवर संशय. माझ्या बाबतीत फक्त आलेख चुकला, तो परत काढला. विखुरण्याचा निष्कर्ष बदलला नाही, पण 'एकूण जागा' या स्तंभातले सगळे आकडे बदलले, आणि तो स्तंभ मी तोपर्यंत दोन ठिकाणी वापरून बसलो होतो.

पुढच्या सेमिनारला मी २,२९,३७९ भागिले ७ ही मांडणी फळ्यावर लिहिली. मॅडमनी बाकी तपासली, मान हलवली आणि विचारलं, "एक्स्ट-४ वर बघितलंस?" नव्हतं बघितलं. तिथे ब्लॉकांचे गट करून 'क्लस्टर'ने जागा देण्याची सोय आहे, बिगअ‍ॅलॉक नावाची. ती चालू असताना याच यादीचा शेवट ब्लॉकऐवजी क्लस्टरच्या मापात मोजला जात होता आणि जादा, चुकीच्या नोंदी येत होत्या. ती दुरुस्ती २०२५ ची आहे. माझी एक्स्ट-४ ची सगळी मोजमापं त्याच्या आधीच्या कर्नलवरची. बिगअ‍ॅलॉक त्यातल्या कुठल्या डिव्हाइसांवर चालू होतं, हे आता एकेक करून तपासतोय.