रांगेत पुढे कोण

आमच्या शेजारचे मेनेर, म्हणजे डचमध्ये श्रीमान, आपल्या आयुष्याचा हिशेब मतांनी मांडतात. कुणी नोकऱ्या सांगतं, कुणी बदल्या. हे सांगतात, आधी मजूर पक्ष, मग पिम फोर्टाउन, मग टोमॅटो चिन्हवाले समाजवादी, आणि नंतर बरीच वर्षं स्थलांतरविरोधी गीर्ट विल्डर्स. रॉटरडॅमच्या दक्षिण तीरावर जन्म, वडील गोदीत, स्वतः गोदीत. त्यामुळे २२ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री विल्डर्स यांच्या पक्षाला डच संसदेत दीडशेपैकी ३७ जागा मिळाल्या आणि सगळा युरोप 'भूकंप, भूकंप' म्हणू लागला, तेव्हा मला धक्का बसला नाही. आधीच्या खेपेला १७ होत्या, आता सर्वांत मोठा पक्ष. पण या भूकंपाची गोष्ट मी मेनेरच्या स्वयंपाकघरात, काळ्या कॉफीसोबत, कितीतरी वर्षं तुकड्यातुकड्यांनी ऐकत आले होते. भारतीय पासपोर्टमुळे मला संसदेसाठी मत नाही, फक्त नगरपालिकेसाठी आहे. म्हणूनच की काय, ते माझ्याशी या विषयावर मोकळेपणानं बोलतात.

त्यांच्या लहानपणी कुणाला मत द्यायचं हा प्रश्नच नव्हता. घरात वर्तमानपत्र 'हेट फ्राये फोल्क', रेडिओ 'वारा'चा, संघटना लाल, मत मजूर पक्षाला. समोरच्या प्रॉटेस्टंट घरात पेपर वेगळा, रेडिओ वेगळा, शाळा वेगळी, शेळीपालनाची मंडळीसुद्धा वेगळी. सगळा देश असा उभ्या कप्प्यांत वाटलेला होता. मेफ्राऊ, म्हणजे त्यांच्या पत्नी, ब्राबांतच्या कॅथलिक. १९५४ साली बिशपांनी पत्रक काढलं की समाजवादी संघटनेत जाणाऱ्याला धर्मसंस्कार मिळणार नाहीत, आणि नेमानं 'वारा' ऐकणंही निषिद्ध. मेफ्राऊ तेव्हा शाळकरी होत्या. ते पत्रक चर्चमध्ये वाचलं गेलं तेव्हा शेजारच्या काकांची मान खाली गेली, कारण ते चोरून ऐकत, असं त्या अजून हसत सांगतात. पुढे त्यांनी गोदीतला हा लाल मुलगा पसंत केला, तर आपल्याकडच्या आंतरजातीय लग्नाइतका गहजब झाला. एका उशीवर दोन धर्म झोपले की मधे सैतान झोपतो, ही म्हण आईनं त्यांना रोज ऐकवली. त्या घरची मतं अर्थातच कॅथलिक पक्षाला. १९६३ मध्ये त्या पक्षाच्या ५० जागा होत्या. कुणाला मत द्यायचं नसेल तरी केंद्रावर हजेरी लावावीच लागे. ती सक्ती १९७० मध्ये गेली.

लग्न झालं, पण घर नव्हतं. इथे गोष्ट खरी सुरू होते. मे १९४० मध्ये जर्मन विमानांनी रॉटरडॅमचा मध्य जाळून टाकला होता. युद्धानंतर घरटंचाईला सरकार 'जनतेचा शत्रू क्रमांक एक' म्हणे. बंदर आधी उभं राहिलं, घरं मागाहून. मेनेर-मेफ्राऊ सासरच्या माळ्यावर राहिले, पहिलं मूल तिथेच झालं, पाळणा उतरत्या छपराखाली. नगरपालिकेच्या यादीत नाव होतं. दर महिन्याला मेफ्राऊ कचेरीत जाऊन नंबर विचारून यायच्या.

बंदराला आणि कारखान्यांना माणसं कमी पडत होती, म्हणून १९६४ मध्ये तुर्कस्तानशी आणि १९६९ मध्ये मोरोक्कोशी मजुरांचे करार झाले. मजूर आणण्याची योजना होती, ते राहणार कुठे याची नव्हती. आफ्रिकांडरवाइक या वस्तीच्या जुन्या चाळींत खोल्याखोल्यांतून खाटा टाकून लॉज उघडले. ऑगस्ट १९७२ मध्ये एका तुर्की घरमालकानं एका डच बाईला मुलांसकट बाहेर काढल्याचं निमित्त झालं आणि वस्ती पेटली. अनेक रात्री दंगल चालली, लॉजमधलं सामान रस्त्यावर फेकलं गेलं.

मेनेर सांगतात, मी कोपऱ्यावर उभा राहून पाहत होतो. मेफ्राऊ कॉफी ओतता ओतता म्हणतात, "गादी धरायला दोन माणसं लागतात, दुसरा कोण होता ते सांग की." मेनेर खिडकीबाहेर बघतात. ही दुरुस्ती मी कितीदा तरी ऐकली आहे आणि मेनेरनी ती कधी नाकारलेली नाही. त्या गादीवर झोपणारा माणूस त्यांच्याच पाळीत काम करायचा, हे मात्र त्यांनी मला एकदाच, मेफ्राऊ घरात नसताना सांगितलं.

दंगलीनंतर नगरपालिकेनं ठरवलं की कुठल्याही वस्तीत परदेशी पाच टक्क्यांहून जास्त नकोत. तो ठराव पुढे रद्द झाला. मेनेरना घर मिळालं ते १९७४ मध्ये. ते त्याचं श्रेय दंगलीला देतात, मेफ्राऊ कचेरीतल्या आपल्या खेपांना.

मग कप्पे एकेक करून मोडले. चर्च रिकामी झाली, 'फ्राये फोल्क' बंद पडलं, तिन्ही मोठे ख्रिस्ती पक्ष १९८० मध्ये एकत्र येऊन एक झाले. गोदीत कंटेनर आले आणि शंभरांचं काम दहांवर आलं. मजूर पक्षाचे पंतप्रधान विम कोक स्वतः कामगार पुढारी होते, पण १९९५ मध्ये त्यांनीच पक्षाला विचारसरणीची जुनी पिसं झटकायला सांगितलं. हे भाषण मेनेरनी वाचलेलं नाही. त्यांना एवढंच आठवतं की त्यानंतर पक्षाचा माणूस वर्गणी घ्यायला दारात आला नाही.

त्या मोकळ्या दारात २००२ साली पिम फोर्टाउन आला. टक्कल, रेशमी टाय, उघड समलिंगी, एकेकाळचा प्राध्यापक. गोदीतल्या माणसाशी त्याचं काय साम्य? मेनेर म्हणतात, "तो आमच्या वस्तीचं नाव घेऊन बोलायचा." मार्चमध्ये त्याच्या स्थानिक पक्षानं रॉटरडॅमच्या ४५ पैकी १७ जागा घेतल्या. युद्धापासून हे शहर मजूर पक्षाचं होतं. ६ मे रोजी हिल्व्हर्सममध्ये एका डच प्राणिहक्कवाल्यानं त्याला गोळ्या घातल्या. नऊ दिवसांनी संसदेचं मतदान झालं आणि पुढारी नसलेल्या त्याच्या देशपातळीवरच्या पक्षाला २६ जागा मिळाल्या. मेनेरनी तेव्हा मेलेल्या माणसाला मत दिलं. दोन वर्षांनी अ‍ॅमस्टरडॅममध्ये थिओ व्हान गॉख या दिग्दर्शकाचा एका मोरोक्कन वंशाच्या धर्मांध तरुणानं खून केला. विल्डर्स तेव्हा नुकतेच उदारमतवादी पक्षातून बाहेर पडले होते. त्या खुनापासून ते सतत पोलीस संरक्षणात राहतात. त्यांच्या पक्षाचा अधिकृत सदस्य एकच आहे, ते स्वतः. जिथे रेडिओपासून शेळीपर्यंत सगळं पक्षाचं होतं, तिथे आता पक्षात माणूसच नाही.

हीच गोष्ट मी दुसऱ्या टोकाकडूनही ऐकली आहे. द हेगमध्ये एक सूरीनामी आजी आहेत. गणपतीत मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला येतात, त्यांच्या सरनामी बोलीतलं निम्मं मला कळतं. त्यांचे पणजोबा बिहारकडून गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध मजूर, म्हणून गेले. सूरीनाम या तेव्हाच्या डच वसाहतीत नेणारं पहिलं जहाज १८७३ चं. आजी १९७५ मध्ये, सूरीनाम स्वतंत्र होण्याच्या सुमाराला, डच पासपोर्ट घेऊन इथे आल्या. जिन्यात शेजारीण म्हणाली होती, तुम्हाला घर मिळालं, आमचा मुलगा अजून रांगेत आहे. आजी इस्पितळात तीस वर्षं परिचारिका होत्या, आणि म्हातारपणी त्याच शेजारणीची ड्रेसिंगही त्यांनीच केली. आता आजींच्या नात्यातली काही मंडळी विल्डर्सना मत देतात. "आम्ही कष्टानं आलो, हे नवे फुकट आले," असं तरुण भाचा म्हणाला तेव्हा आजींनी त्याला ताटावरून उठवलं नाही, फक्त जिन्यातली गोष्ट सांगितली. त्यानं ती ऐकली आणि मत तिथेच दिलं.

२०२३ ची निवडणूकच मुळी निर्वासितांच्या प्रश्नावरून लागली. आश्रय मिळालेल्यांच्या कुटुंबीयांना आणण्यावर मर्यादा हवी, यावरून तेव्हाचे पंतप्रधान रुट्टे यांचं सरकार जुलैत पडलं. घरांची तूट तेव्हा चार लाखांच्या आसपास सांगितली जात होती. परवडणारी घरं बांधणाऱ्या संस्थांवर २०१३ पासून सरकारनंच खास कर बसवला होता, तो २०२३ च्या सुरुवातीला उठला. त्या काळात कितीतरी घरं बांधायची राहिली. वृद्धाश्रमात हलक्या दुखण्याच्या म्हाताऱ्यांना घेणंही २०१३ च्याच सुमारास बंद होत गेलं. आरोग्यविम्यात पहिले ३८५ युरो रुग्णानं भरायचे. विल्डर्स म्हणाले, हे रद्द करू. मशिदी आणि कुराण यांवरच्या बंदीच्या मागण्या जाहीरनाम्यात होत्या, पण त्या तूर्त बाजूला ठेवतो असंही प्रचारात म्हणाले. उदारमतवाद्यांनी त्यांच्याशी युतीचं दार किलकिलं केलं, आणि मत वाया जाईल ही भीती संपली.

मेनेरनी मला समजावलं, तुझ्याबद्दल नाही हं, तू वेगळी. मेफ्राऊ मधेच म्हणाल्या, "माझ्या सासूनंही मला हेच सांगितलं होतं, लग्नानंतर सहा वर्षांनी." कॅथलिक सून, तुर्की पाळीवाला, सूरीनामी शेजारीण, मोरोक्कन, सीरियन, आणि अलीकडे घरभाडं वाढवणारे आम्ही आयटीवाले. दोषी बदलत गेला, तक्रार मात्र माळ्यावरच्या पाळण्याइतकी जुनी आहे. मेनेरची तक्रार खोटी नाही, म्हणून तिला खोटं उत्तर देणारा इतका खरा वाटतो.

विल्डर्स यांचा पक्ष सरकारात गेला, निर्वासितांच्याच मुद्द्यावर जून २०२५ मध्ये बाहेर पडला, आणि ऑक्टोबरच्या निवडणुकीत ३७ वरून २६ वर आला. वर्तमानपत्रांनी लाट ओसरल्याचं लिहिलं. पण त्यांच्याच बाजूचे दोन लहान पक्ष चारावरून सोळावर गेले. तिघांची बेरीज आधी ४१ होती, या निवडणुकीत ४२ झाली. मेफ्राऊ या खेपेला जुन्या ख्रिस्ती पक्षाकडे परतल्या, मेनेर कुणाकडे गेले ते पहिल्यांदाच सांगत नाहीत.

माझ्या मुलीनं अठरा पूर्ण होताच घरांच्या यादीत नाव नोंदवलं. जितकी जुनी नोंद, तितका नंबर वर. मेनेरची नातही त्याच यादीत आहे. त्यांनी लगेच विचारलं, नोंदणीची तारीख कुठली? मी सांगितली. त्यांची नात चार महिन्यांनी पुढे होती आणि त्यांचा चेहरा सैल झाला. तो सैल होण्याआधी मीही मनात तीच वजाबाकी करून घेतली होती.