मोटारसायकलींची चुरस आणि नाशिकची गॅरेजे

स्वातंत्र्यानंतरची पहिली तीन दशके भारतातील मोटारसायकलीचा बाजार मुख्यतः तीन कंपन्यांच्या हाती होता. मद्रासच्या एनफिल्ड इंडियाने १९५५ पासून ब्रिटिश रॉयल एनफिल्डच्या सहकार्याने बुलेट बांधली. मुंबईच्या रुस्तम आणि फारुख इराणी यांनी मैसूरला आयडियल जावाचा कारखाना काढला. तेथून १९६१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या तंत्रावरची जावा बाहेर पडू लागली. सत्तरच्या दशकात तिचीच येझदी झाली. साठच्या दशकातच एस्कॉर्ट्‌सने पोलिश गाडीवर बेतलेली राजदूत आणली. उत्पादनाला सरकारी परवाना लागे, आयात जवळजवळ बंद होती. त्यामुळे या कंपन्यांनी गिऱ्हाईक आपसांत वाटून घेतल्यासारखे दिसे. बुलेट लष्कराची आणि पोलिसांची, येझदी कॉलेजच्या तरुणांची, तर राजदूत शेतकऱ्याची आणि किटल्या लावून फिरणाऱ्या दूधवाल्याची.

याच काळात नाशिक हे यंत्रकामाचे शहर बनत गेले. १९६४ मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना उभा राहिला. सातपूरची औद्योगिक वसाहत वाढली. तेथे मायको कंपनी आली आणि तिच्या नावाने शहरात मायको सर्कल झाले. मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवण्यासाठी सातपूर आणि अंबडमध्ये लेथ, ग्राइंडिंग, वेल्डिंग आणि प्लेटिंगची छोटी युनिटे निघाली. ती निघाली कारखान्यांसाठी. पण बाजारात न मिळणारा भाग बनवून किंवा दुरुस्त करून देणारा कारागीर शहरातच असणे, हा जुन्या गाड्यांचा मोठा आधार ठरला.

ऐंशीच्या दशकात सरकारने परदेशी सहकार्याला वाट मोकळी केली आणि खरी चुरस पेटली. १९८४ ते १९८६ या तीन वर्षांत चार जपानी कंपन्या भारतीय भागीदारांसह शंभर सीसीच्या गाड्या घेऊन उतरल्या. टीव्हीएसबरोबर इंड-सुझुकी, हीरोबरोबर होंडाची सीडी १००, एस्कॉर्ट्‌सबरोबर यामाहाची आरएक्स १०० आणि पुण्याच्या बजाजबरोबर कावासाकीची केबी १००. यांतील सीडी १०० तेवढी फोर-स्ट्रोक होती, बाकी तिन्ही टू-स्ट्रोक. आरएक्स १०० आपल्या ९८ सीसीतून ११ अश्वशक्ती काढी आणि पिकअपमध्ये कोणाला ऐकत नसे. सीडी १०० चा सारा भर ॲव्हरेजवर होता. पेट्रोलचा खर्च खिशातून करणाऱ्या नोकरदाराने ॲव्हरेजच्या बाजूने कौल दिला. एस्कॉर्ट्‌सने १९८३ मध्ये काढलेली राजदूत ३५० याच कारणाने मागे पडली. तिच्या दोन सिलिंडरांचे बळ मोठे होते, पण किंमत आणि पेट्रोलची भूक दोन्ही परवडत नव्हती.

नव्वदच्या दशकात धुराचे नियम कडक होत गेले. १९९६ मध्ये आरएक्स १०० चे उत्पादन थांबले आणि मैसूरचा कारखानाही त्याच वर्षी बंद पडला. एनफिल्ड १९९४ मध्ये आयशर समूहात गेली आणि तगली. बजाजने २००१ मध्ये पल्सर आणून नव्या पिढीला आपल्याकडे वळवले.

जुनी गाडी उभी करण्याचा खर्च आजही या हारजितीवर ठरतो. बुलेटचे उत्पादन कधी थांबले नाही, म्हणून तिचे भाग सहज मिळतात. आरएक्स आणि येझदीचे भाग इतर कारखानदार बनवतात, पण त्यांचा दर्जा एकसारखा नसतो. राजदूत ३५० चे काही भाग परदेशातून मागवावे लागतात आणि तेथेच बजेट कोलमडते.

हात राखून खर्च करायचा तर कामाचा क्रम महत्त्वाचा. आधी आरसी बुक पाहावे आणि चासी व इंजिनावरचे नंबर त्याच्याशी ताडावेत. मग इंजिन उघडावे. सिलिंडर झिजला असेल तर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन आणि रिंगा बसवतात. कनेक्टिंग रॉड वाजत असेल तर क्रँक प्रेसवर उघडून नवी पिन आणि बेअरिंग घालतात व लेथवर ती सरळ फिरते की नाही हे तपासतात. टू-स्ट्रोक इंजिनाला फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नसतात, भाग थोडे असतात, म्हणून हे काम तुलनेने स्वस्तात होते. येझदीची एक खूण मिस्त्री आवर्जून तपासतो. तिची किक आणि गिअरचा दांडा एकच असतो. किक मारून तोच दांडा पुढे वळवला की गिअर टाकता येतो. आतले दाते झिजले की किक घसरते. पॉइंट जुळवताना मिस्त्री त्यांच्या फटीत पातळ कागद धरतो आणि क्रँक हळूहळू फिरवतो. कागद अलगद सुटतो तो ठिणगीचा क्षण. ब्रेक आणि वायरिंग त्यानंतर, रंग आणि क्रोम सर्वांत शेवटी.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते आणि नव्याने नोंद होणाऱ्या अशा गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो; आधीच नोंदलेल्या गाडीचा जुना क्रमांक कायम राहतो. मुख्य अट अशी, की गाडी मूळ रूपात असावी. चासीत किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. साठच्या दशकातल्या जावा आणि राजदूत या वयाच्या पुढे गेल्या आहेत. म्हणून मूळ भाग भंगारात टाकण्यापूर्वी तो एकदा लेथवाल्याला दाखवावा. दुरुस्त केलेला जुना भाग खर्चही वाचवतो आणि गाडीचे मूळपणही.